नियागालेचं थंड पाणी

नियागालेच्या घरचं पाणी एकदा प्यायलेला माणूस गावात दुसऱ्या दारी उभा राहायचा नाही. आफ्रिकेतल्या माली देशात, बानी नदीकाठचं ते कोळ्यांचं गाव. उन्हाळा असा, की भर दुपारी कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करतात. अशा उन्हात तिच्या अंगणातला तो रांजण! कमरेइतका उंच, गळ्याला पिळलेल्या दोरीची नक्षी, आणि आतलं पाणी घोटासरशी दात शिवशिवतील असं. वाटसरू यायचे, गुराखी यायचे, इमामसाहेब नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला, तिथूनच पाणी मागवायचे. गावात बारसं असलं की बाळाच्या ओठांना लावायचं पहिलं पाणी याच रांजणातलं. नवरा तापाने गेला, तेव्हा त्याचा शेवटचा घोटही इथलाच. नियागालेकडं ना सोनं, ना गुरं. पण पाण्याला आपण कधी कुणाला नाही म्हटलं नाही, हे ती ज्याला त्याला ऐकवायची. गर्व होताच. का नसावा?

रांजण आणलेला तिच्या सासूने, बायाने. गावाबाहेर टेकडी आहे. टेकडी कसली, पूर्वीच्या लोकांचं अख्खं गाव मातीखाली निजलंय. पावसाने कड ढासळली की मडक्यांची तोंडं बाहेर डोकावतात. त्यातलाच एक रांजण बायाने तरुणपणी उपसून आणला आणि घासूनपुसून अंगणात रोवला. रोज सकाळी पाण्याचा पहिला तुंबा, वाळक्या भोपळ्याचं ते भांडं, ती रांजणाच्या बुडाशी ओतायची. नवी सून नियागाले तेव्हा खुदकन हसली होती.

"अहो सासूबाई, जमिनीला कसली तहान?"

"ओत म्हटलं की ओतायचं. तोंड कमी चालव."

पुढं म्हातारीची नजर गेली आणि ते काम नियागालेकडं आलं. का ओतायचं, हे तिनं परत कधी विचारलं नाही. अंगवळणी पडलं ते पडलं.

त्या वर्षी राजधानीहून, बामाकोहून, पुरातत्त्व खात्याच्या दिको मॅडम टेकडी खणायला आल्या. नियागाले माती चाळायला लागली. जोडीला आतिमे, कड्यावरच्या गावात कांदे पिकवणाऱ्या डोगोन जमातीचा. कोळी आणि डोगोन यांचं थट्टेचं नातं बापजाद्यांपासूनचं. एकमेकांना आपला गुलाम म्हणा, काहीही बोला, राग धरायचा नाही.

"काय गं मासळीवाले, उद्या नातीचं बारसं म्हणे? मालकाला आवतण नाही?"

"मालक? अरे कांदेखाऊ, तुझ्या आज्याला माझ्या आज्याने वाळक्या मासळीच्या एका शेपटीवर विकत घेतला होता. ये उद्या, भांडी घासायची आहेत."

असं चाललेलं असतानाच मातीतून एक रांजण मोकळा झाला. तोंडावर पालथं वाडगं, गळ्याला पिळलेल्या दोरीची नक्षी.

"अगं, हा तर तुझ्या रांजणाचा जुळा भाऊ!" आतिमे ओरडला.

"मग यातही पाणी थंडच राहील," नियागाले फुशारून म्हणाली.

मॅडमनी वाडगं अलगद उचललं. आत माणूस होतं. गुडघे छातीशी, कवटी गुडघ्यांवर टेकलेली, हाडं सगळी जागच्या जागी.

"पूर्वी इथं मेलेल्या माणसाला असंच ठेवायचे," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "या कडेला सगळे असलेच रांजण दिसताहेत."

नियागालेने चाळण तिथंच टाकली. आतिमेने तिच्याकडं पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला थट्टा सुचली नाही. ती तशीच निघाली. वाटेत बाभळीखाली बसून भडाभडा ओकली. इमामसाहेबांची वजू, गावातली बारशी, नवऱ्याचा तो घोट. या अल्ला, काय पाजलं मी सगळ्यांना?

म्हातारी दारात शेंगा सोलत बसली होती.

"सासूबाई, रांजण आणला तेव्हा आत काय होतं?"

"माती."

"आणि मातीत?"

म्हातारीचे हात थांबले. "लेकरू होतं गं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मीच काढलं, मला नाही तर कुणाला ठाऊक असणार? दुष्काळ होता. घरात पाणी साठवायला धड मडकं नव्हतं. हाडं काय नदीत फेकू? रांजणाच्या बुडाशीच पुरली. म्हटलं, बाळा, तुझं घर घेतलं मी, पण तुला तहानलेलं नाही ठेवणार. पहिलं पाणी तुझं."

"आणि दुसरं आमचं! अख्ख्या गावाला पाजलंत!"

"मेलं का कुणी?" म्हातारी फटकन म्हणाली. मग आवाज उतरला. "मी गप्प राहिले, तूही राहा. बारसं होऊन जाऊ दे. नाहीतर उद्यापासून तुला कोण विचारणार आहे?"

ते खरंच होतं. रात्रभर नियागालेला तेच खात राहिलं.

सकाळी अंगण भरलं. बाजरीची खीर शिजली, बाळाचं जावळ काढलं. सून आसितानने लेकीला पुढं धरलं. नियागालेने तुंबा भरला, बोट बुडवलं आणि बाळाच्या ओठांपर्यंत नेलं. पण तिथून बोट पुढं जाईना.

"थांबा," ती म्हणाली. "हा मढ्याचा रांजण आहे. यात लेकरू पुरलेलं होतं. मला काल कळलं."

इमामसाहेब तोबा तोबा करत उठले. शेजारीण तोंडाला पदर लावून कुडाकडं धावली. आसितानने बाळाला छातीशी गच्च आवळलं.

"केवढं होतं ते?" तिनं विचारलं.

आंधळ्या म्हातारीने दोन हात हवेत धरले. दोन्हींच्या मधली जागा आसितानच्या लेकीएवढी होती.

आसितानने सासूच्या हातातला तुंबा ओढून घेतला आणि सगळा रांजणाच्या बुडाशी उपडा केला. "त्याचं पाणी त्याला. माझ्या पोरीला पंपाचं आणा."

लेकराला पुन्हा हलवायचं नाही, असं गावाने ठरवलं. रांजण तिथंच राहिला. नियागालेला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. लोक नुसते तिच्या दारावरून पुढं जायचे.

उन्हाळ्यात लांबचा एक गुराखी आला, घामाने निथळत. तिनं त्याला प्लास्टिकच्या कॅनमधलं पंपाचं पाणी दिलं. त्याने तुंबा रिकामा करून तोंड वाकडं केलं.

"गरम आहे गं मावशी. या गावात कुणी नियागाले आहे म्हणतात. तिच्याकडचं पाणी बर्फासारखं असतं. घर कुठलं तिचं?"

कोपऱ्यात रांजण काठोकाठ भरलेला होता. सकाळीच तिनं त्यातला तुंबा बुडाशी ओतला होता, तिथली माती अजून ओली होती.

"ती आता इथं राहत नाही," नियागाले म्हणाली, आणि त्याच्या हातातला रिकामा तुंबा परत घेतला.