फेरीबोटीवरचं स्थळ

पोरांनी पोरं शोधायच्या ॲपला खाडी कळत नाही. आमच्या दिघीत बसून उघडलं की ‘चार किलोमीटरवर’ म्हणून जो दिसतो, तो नेमका पलीकडच्या काठाला असतो. आणि चेहरा कुणाचाच नाही. कुणी होडीचा फोटो लावतो, कुणी नारळाचा. मी बैल लावला होता, ते सोडा.

नारळवाल्याशी महिनाभर गप्पा चालल्या होत्या. पण भेटायचं म्हटलं की मी विषय बदलायचो. माणगावात एकाला असंच गोड बोलून बोलावलं आणि चौघांनी ‘घरी सांगू’ म्हणून धमकावलं, हे कानावर आलं होतं. आमच्या घरी कळलं असतं तर बापानं दारात उभं केलं नसतं. म्हणून ठरवलं, भरदिवसा फेरीबोटीवर भेटायचं. चार माणसांत कोण काय करणार?

आला! निळी टोपी सांगितली होती, तीच. हसला तर मी मिळवलेला हात सोडायचंच विसरलो. बाकावर टेकलो, तोच मागून आवाज, “तू इकडं कसा रे?” माझा सख्खा काका. मेलो! काका सरळ आमच्या दोघांच्या मधे ऐसपैस बसला.

आमच्याकडे अनोळखी माणूस दिसला की त्याची पाळंमुळं खणल्याशिवाय सोडत नाहीत. गाव कुठलं? आडनाव काय? मामा कुठले? बिचारा पटापट उत्तरं देत होता. आमच्यातलाच निघाला, नोकरीही पक्की निघाली.

“लगीन झालंय का न्हाय?”

“नाही अजून.”

काका माझ्या कानाशी लागला, “आमच्या पोरीला बरा हाय.”

अरे देवा! जीव मुठीत धरून ज्याला भेटायला आलो, तो माझा मेहुणा व्हायची वेळ! काकाला उचलून खाडीत टाकावं, इतका राग आला.

“पण काका, माझं जमलंय,” तो म्हणाला.

“कदी?”

“आत्ताच.”

“स्थळ कुठलं?”

“दिघीचंच.”

काका माझ्याकडे वळला. “आपल्या गावचं? कुणाकडचं रे? तुला ठावं असंल.”

घरच्या माणसासमोर स्वतःबद्दल खरं बोलायची संधी मला पुन्हा कधी मिळणार होती?

“ठाऊक आहे,” मी म्हटलं. “चांगलं स्थळ आहे, काका. जीव लावील.”

काकानं त्याच्या पाठीवर थाप मारली. “मग करून टाक बाबा. उगाच घोळ घालू नको.”

मला तिथंच काकाच्या पाया पडावंसं वाटलं.