निळ्या लोगोतली कानटोपी

आमच्या जागतिक कंपनीत माणूस हाच सगळ्याच्या केंद्रस्थानी आहे, हे मी पुण्याच्या ऑफिसच्या भिंतीवर स्वतः वाचलेलं आहे. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. त्या वाक्यावरही नव्हता.

सध्या मी इस्लामपुरातून, घरूनच काम करतो. दर सोमवारी टीमची मीटिंग असते. कॅमेरा चालू, मागे खऱ्या भिंतीऐवजी कंपनीचा निळा लोगो, आणि प्रत्येकानं आठवड्यातली एक चांगली गोष्ट सांगायची. आमची मॅनेजर इन्ग्रिड डेन्मार्कमध्ये बसते. ही प्रथा तिचीच.

त्याच वेळी आण्णा, म्हणजे माझे वडील, चहा आणून द्यायचे. निळ्या लोगोतून आधी कप यायचा, मग हात, मग मिशी... आण्णा फौजेतून निवृत्त झालेले. कप ठेवला की कॅमेऱ्याला कडक सॅल्यूट ठोकायचे. "जय हिंद मॅडम!" इन्ग्रिडही हसून सॅल्यूट करायची.

जानेवारीत आण्णा गेले. पहाटे छातीत कळ आली म्हणून गाडीत घालून सांगलीला नेलं, पण उपयोग झाला नाही. घाईत त्यांची कानटोपी खुंटीवरच राहिली. आईनं तेवढंच मनाला लावून घेतलं.

"एवढ्या गारठ्यात उघड्या डोक्यानं नेलं रं त्यास्नी..." रोज हेच. अर्धी भाकरी खायची आणि ताट सारायची. चहाचं पातेलं तर चुलीवर चढेचना. मला तिचीच काळजी लागून राहिली होती.

ऑफिसात मी कुणाला सांगितलं नव्हतं. रजेच्या अर्जात दुःखाच्या कारणांची यादी होती. तिच्यात आई-वडिलांच्या खाली पाळीव प्राणी होता. मी 'वैयक्तिक' निवडलं.

मार्चमधल्या एका सोमवारी माझी पाळी आली. सांगण्यासारखं काहीच नव्हतं. मी गप्प बसलेला बघून इन्ग्रिड म्हणाली, "तुझी चांगली गोष्ट तर आत्ताच मागून गेली! वडिलांची तब्येत छान दिसतेय. आणि ती तपकिरी टोपी, कानांवरून घेतलेली... आज पहिल्यांदाच पाहिली."

खरंच होतं. कॅमेऱ्यासमोर आण्णा कधी टोपी घालून आले नव्हते. फौजी माणूस, कानटोपी घालून सॅल्यूट कसा करणार?

मी सांगितलं, ते दोन महिन्यांपूर्वी गेले. मग मनिलाची मारिया हळूच म्हणाली, "टोपीवाले... मलाही दिसले." कॅमेरा बंद करायचा नाही हा नियम इन्ग्रिडचा. तिनं स्वतःचाच कॅमेरा बंद केला.

मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं.

"कानावर घेतलीवती?"

"व्हय, म्हणाली ती."

"दोनी कानावर?"

"दोनी."

"मग झालं," आई म्हणाली. उठली आणि चहा टाकला. त्या दिवशी तिनं अख्खी भाकरी खाल्ली.

कानटोपी आजही खुंटीवर आहे. सॉफ्टवेअरची गडबड म्हणावी, तर सॉफ्टवेअरला टोपी कुठली माहीत? रेकॉर्डिंग बघावं, तर ज्या मीटिंगांत निर्णय होतात त्याच कंपनी रेकॉर्ड करते. आमची कधीच केली नाही. मला अजून काही उलगडलेलं नाही.

मागच्या आठवड्यात एचआरचा मेल आला: मीटिंगच्या वेळी कर्मचाऱ्याखेरीज कुणीही चौकटीत दिसू नये. आईला वाचून दाखवला.

"मग त्यास्नी जरा कडंला बसाय सांग," ती म्हणाली, आणि माझ्या टेबलाच्या डावीकडं खुर्ची ठेवून गेली.

खुर्ची कॅमेऱ्यात येत नाही. मी तपासून पाहिलं.