खेकड्याला घाई चालत नाही

यादवरावांना साहेब जेवायला नेणार हे मला सकाळी नऊ वाजता कळलं. आखातातल्या आमच्या कंपनीत जमालुद्दीनसाहेबांनी कुणाला झल्लाकच्या किनाऱ्यावरच्या त्या मेक्सिकन हॉटेलात नेलं की समजायचं, त्याचा व्हिसा कॅन्सल. साहेब हैदराबादचे. उपाशी माणसाला वाईट बातमी द्यायची नाही ही त्यांची रीत, आणि त्या हॉटेलचे एसी आम्हीच सांभाळायचो म्हणून टेबल तिथलंच. नव्याण्णवचा फेब्रुवारी, तेलाचा भाव पडलेला, कामं बंद. तीन महिन्यांत तिघे गेले. मी साहेबांचा ड्रायव्हर, तिघांनाही मीच गाडीतून नेलं आणि मीच आणलं. जेवण झालं की साहेब कॉफी मागवायचे, आणि जे काय सांगायचं ते कॉफीबरोबर.

यादवराव आमचे स्टोअरकीपर, मूळचे जालन्याचे. अकरा वर्षांत एक स्क्रू हरवला नाही त्यांच्या हातून. कपाटाच्या दाराला आतून बाबासाहेबांचा फोटो, आणि चौदा एप्रिलला सगळ्या ऑफिसला पेढे. माणूस सोन्यासारखा, पण घाबरट किती म्हणाल तर रिकाम्या रस्त्यावरसुद्धा सिग्नल मिळेपर्यंत फुटपाथवर उभे. मला चीड यायची. पण माझी आई दापोलीला वारली आणि मला जाता आलं नाही, तेव्हा उम्म अल हस्समच्या माझ्या खोलीवर चार रात्री येऊन बसले होते ते हेच.

स्टोअरमध्ये गेलो तर इस्त्रीच्या शर्टात उभे होते. मुलगी संघप्रिया दहावीला, परीक्षा पंधरा दिवसांवर. बापाचा व्हिसा गेला की आई-मुलीचाही जाणार आणि पोरीचं वर्ष बुडणार.

"मियाँ, घरी काय सांगू?" म्हणाले.

"आधी ऐका. साहेबांचं आज संध्याकाळी विमान आहे, तीन आठवडे रजेवर चाललेत. तीनच्या ठोक्याला हॉटेलातून निघायलाच लागणार. तोवर कॉफी येऊ द्यायची नाही. परत येऊन त्यांनी कागद हलवेपर्यंत पोरीचे पेपर संपतात."

"पण तोवर काय करू?"

"खा. मासा मागवलात तर दहा मिनिटांत खलास. खेकडा मागवा, अख्खा. खेकड्याला घाई चालत नाही."

"मला फोडता येत नाही हो."

"म्हणूनच तर मागवा."

साडेबाराला पोचलो. गाडी काचेसमोर लावली, आतलं सगळं दिसत होतं. भिंतीवर घमेल्याएवढ्या टोप्या, वाढायला फिलिपिनो पोरी, पलीकडे समुद्र एकदम शांत. खेकडा आला, लाल रश्श्यात बुडवलेला. बाजूला मक्याच्या पातळ पोळ्या. साहेबांनी पापलेट मागवलं होतं, ते एक वाजताच संपलं. यादवरावांची अजून पहिली नांगी चालली होती. कवच फुटेना, रस्सा शर्टावर उडाला, घामाने मान भिजली. साहेब हसून काहीतरी म्हणायचे आणि हे मान खाली घालून पाय चोखायचे. दाभोळच्या खाडीत वाढलेला माणूस मी, पाच मिनिटांत खेकडा साफ करतो. दुसरी वेळ असती तर चिडून आत गेलो असतो आणि हातातनं काढून घेतला असता. त्या दिवशी मनात म्हणत होतो, सावकाश, यादवराव, अजून सावकाश. माझा डबा बाजूच्या सीटवर तसाच पडून होता.

पावणेतीनला साहेबांनी घड्याळ बघितलं. कॉफी नाही मागवली. खिशातून एक पाकीट काढलं, टेबलावरून पुढे सरकवलं आणि उठले. म्हणजे खेकड्याचा काही उपयोग झाला नाही.

तिथून थेट एअरपोर्ट. उतरताना साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "खयाल रखना, अलीमियाँ." चौदा वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, यादवरावांची काळजी घे म्हणतायत.

साहेब आत गेले. यादवराव पुढच्या सीटवर येऊन बसले, डबा मांडीवर घेऊन. डोळे लाल.

"पाकीट मिळालं ना?" मी विचारलं.

"मला ठेवलंय. साहेब येईपर्यंत त्यांचं काम बघायला सांगितलंय."

मी स्टिअरिंगवर हात आपटला. "अहो, मग रडताय कशाला? मेलो असतो मी इथे भीतीने."

त्यांनी डबा हातात तोलून पाहिला. मग म्हणाले, "मियाँ, गाडी परत झल्लाकला घ्या."

"का? काही विसरलात?"

"तुम्ही जेवला नाहीत."

"डबा आहे की."

"गाडी घ्या, मियाँ."

तेव्हा मला कळलं. पाकिटावर कुणाचं नाव आहे ते मी विचारलं नाही.

अर्ध्या रस्त्यात ते आपणहून बोलले. "माझं जेवण झाल्यावर साहेब तुम्हाला आत बोलावणार होते. स्वतःच सांगणार होते. माझ्या खेकड्याने वेळच उरला नाही. म्हणाले, आता तुम्हीच सांगा, पण आधी जेवू घाला."

दाभोळला कनीजला काय सांगायचं, एवढं एकच डोक्यात फिरत होतं. बायको आहे ती, विचारणार तर खरं. मला भीती वाटत होती, यादवरावांना वाटत होती तशीच, जराही कमी नाही. सिग्नल हिरवा झालेला मला दिसला नाही. मागच्या गाड्या हॉर्न मारत राहिल्या.

तेच टेबल. यादवरावांनी न विचारता अख्खा खेकडा मागवला. माझी बोटं चालेनात. त्यांनी ताट आपल्याकडे ओढलं आणि नांगी फोडायला घेतली, तशीच वेडीवाकडी. मांसाचा एकेक तुकडा काढून माझ्यापुढे ठेवत होते आणि बाहीने डोळे पुसत होते.

"होतंय का सावकाश?" त्यांनी विचारलं.

"होऊ द्या," मी म्हटलं. "कॉफी मात्र एवढ्यात मागवू नका."