मामांच्या आडनावावरची टिकली

मी पेशाने अभियंता. जे मोजता येत नाही ते मानायचे नाही, या शिस्तीत सारे आयुष्य गेले. या सदरातले अतर्क्य अनुभव मी आजवर करमणूक म्हणूनच वाचत आलो. आज मीच लिहितो आहे... आणि तेही मुलीची परवानगी घेऊन. परवानगीचा उल्लेख का केला, ते पुढे कळेल.

आम्ही मूळचे नागपूरचे. सरकारी नोकरीमुळे भोपाळला आलो, तुलसी नगरच्या क्वार्टरमध्ये संसार झाला. आता कोलार रोडवरच्या फ्लॅटमध्ये मी आणि माझी लेक, असे दोघेच राहतो. पत्नीला जाऊन काही वर्षे झाली. लेकीचे कॉलेजचे वर्ग घरून चालत, त्या काळात पत्नी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर आपली मरून रंगाची टिकली चिकटवून ठेवत असे.

"आई, कॅमेऱ्याला सौभाग्यवती केलंस की!" लेक हसायची.

"बघणारा कोण आहे ते आपल्याला दिसतं का? नाही ना? मग आपणही त्याला दिसायचं नाही."

लेक आईवर गेली. प्रत्येक खात्याचा पासवर्ड वेगळा, प्रोफाईलला कुलूप, कुरियरवाल्यांसाठी निराळा नंबर. मला तिने एकच गोष्ट बजावली होती – "बाबा, माझी माहिती कुठेही देण्याआधी मला विचारायचं."

मी विचारले नाही. इथल्या मराठी मंडळाच्या वधू-वर ग्रुपवर इतरांच्या मुलींची स्थळे येत, आणि मला राहवेना. नेहरू नगरच्या एका दुकानातून बायोडाटा छापून आणला. जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मगाव, शिक्षण, ई-मेल – आणि आपल्याकडे असतेच तशी शेवटची ओळ, मामांचे आडनाव व गाव. रविवारी सकाळी ती आंघोळीला गेली असताना कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला, मोबाईलने फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. चोरासारखा.

पुढच्या रविवारी दुपारी एक फोन आला. आवाज अदबशीर.

"काका, नमस्कार. मुलाचा चुलता बोलतो. बायोडाटा पसंत आहे सगळ्यांना. फक्त मामांचं आडनाव दिसून नाही राहिलं. डाग आला आहे तिथे. तेवढं सांगून द्या ना."

आडनाव माझ्या ओठांवर आले होते. पण डाग कसला, म्हणून बोलता बोलता मी तो फोटो उघडला. शेवटच्या ओळीत, नेमक्या त्या आडनावावर, एक गोल मरून टिकली होती. रेखीव कडा, मधोमध किंचित फुगीर. ती छटा मी ओळखत होतो.

"मुलीला विचारून सांगतो," एवढेच म्हणालो.

"अहो काका, यात मुलीला काय विचारायचं?"

"तिला विचारल्याशिवाय सांगणार नाही," म्हणालो आणि फोन ठेवला.

लेक पलीकडच्या खोलीत सकाळपासून लॅपटॉपसमोर त्रासलेली बसली होती. कोणीतरी तिच्या जुन्या मेलचा, बायोडाट्यात दिला होता त्याच मेलचा, पासवर्ड बदलू पाहत होते. तिची सगळी प्रमाणपत्रे, कामाचा पत्रव्यवहार आणि आईचे फोटो त्याच खात्यात होते. मी सारे सांगितले. तिने लॅपटॉपचा पडदा माझ्याकडे वळवला.

"कॉलेजात असताना या खात्याला मी तीन प्रश्न ठेवले होते. जन्मतारीख, जन्मगाव... आणि आईचं माहेरचं आडनाव." मग अगदी हळू म्हणाली, "मामांचं आडनाव म्हणजे तेच ना, बाबा?"

ती ओरडली असती तर बरे वाटले असते.

तिने तिथल्या तिथे प्रश्नांची उत्तरे बदलली. "आता खोटीच द्यायची. आईचं माहेर – पोहा-जलेबी. बघू कोण ओळखतं!"

मूळ कागद आम्ही उजेडात धरून पाहिला. स्वच्छ होता. त्याआधी आणि नंतर मी काढलेले फोटोही स्वच्छ. घरात टिकलीचे पाकीट नाही. होती ती सगळी पाकिटे पत्नी गेल्यावर मीच वाटून टाकली होती. लेन्सवरची धूळ, छपाईची शाई... सगळे तर्क करून झाले. धुळीचा डाग इतका रेखीव उमटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मंडळाच्या सचिव वहिनींकडे गेलो.

"भाऊजी, मामेकूळ लपवून कुठे सोयरिकी होतात का? उद्या म्हणाल, मुलगीही दाखवणार नाही!"

"दाखवेन वहिनी. तिला विचारून."

त्या हसल्या, पण नियम बदलून घेतल्याशिवाय मी उठलो नाही. आता ग्रुपवर फक्त पहिले नाव आणि शिक्षण जाते; बाकीचे दोन्ही घरे भेटल्यावर. ज्यांनी ज्यांनी तो बायोडाटा जपून ठेवला होता, त्यांच्या घरी मी स्वतः गेलो. चहा घेतला, थट्टा ऐकून घेतली, फोटो पुसल्याशिवाय मात्र निघालो नाही. त्या फोन करणाऱ्याकडची प्रत राहिलीच असेल. ती टिकलीसकट आहे, एवढाच दिलासा.

शेवटची प्रत माझ्या मोबाईलमध्ये होती. ती पुसायला बोट उचलेना. इतरांकडून पुसून घेतले ते मी स्वतःपाशी ठेवावे का? लेकीला विचारले. तिने बराच वेळ ती टिकली पाहिली आणि नकारार्थी मान हलवली. मी फोटो पुसला.

वाचक फोटो मागतील, याची मला कल्पना आहे. तो नाही. टिकली तिथे कशी आली, हे मला आजही सांगता येत नाही. लेकीचे नाव आणि तिच्या मामांचे आडनाव सांगता येते, पण सांगणार नाही.