गाडीच्या नाकावरचं कुंकू

अविनाशच्या पिवळ्या गाडीचं नाक मी भांडी घासायच्या तारेच्या घासणीनं घासलं.

हसलात ना? हसा. मूर्खपणा माझाच आहे, आणि आहेही हसण्यासारखाच. पण हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, हॉटेलात चहा पिताना नाही, खुद्द अविनाशला तर नाहीच. मला ओळखणाऱ्या माणसाला याचंच नवल वाटेल. कारण बोरीत माझं मोटारी भरायचं दुकान आहे, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीला नवी तार भरून द्यायची, आणि त्या दुकानात मोटारींपेक्षा माझ्या फजितीच्या गोष्टीच जास्त भरल्या जातात. एकाची मोटार दुरुस्त करून, वर रंग मारून मी दुसऱ्यालाच दिली आणि त्यानं तिच्यावर अख्खा हरभरा भिजवला, हे मीच सांगतो. मेव्हण्याच्या लग्नात शेजारच्या मांडवात बसून पोटभर जेवलो, आहेर करून आलो, हेही मीच सांगतो. मग ही एकच गोष्ट पोटात का ठेवली?

कारण ती घासणीपाशी संपत नाही. घासणीपाशी संपली असती तर आतापर्यंत अख्ख्या जिंतूर तालुक्याला पाठ झाली असती.

अविनाश माझा लहानपणचा दोस्त. आमची घरं समोरासमोर. त्याची आई तो लहान असतानाच गेली, आणि त्याला वाढवलं ते त्याच्या थोरल्या भावाच्या बायकोनं — सुमनवहिनीनं. नवी नवरी म्हणून आली आणि महिनाभरात एका शेंबड्या पोराची आई झाली. माझंही नाक तिनंच पुसलंय म्हणा, कारण त्याच्या पाठोपाठ मी दिवसभर तिच्याच चुलीपुढं. पुढं अविनाश शिकला, पुण्याला गेला, यंत्रांचे सुटे भाग विकायचा धंदा काढला, आणि सहा-सात वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ती गाडी घेऊन गावात आला.

गाडी म्हणजे काय सांगू! परदेशी, पिवळीजर्द, दोन माणसांची, आणि इतकी बुटकी की कोंबडं वरून उडून गेलं असतं. गावाच्या तोंडाशी जो गतिरोधक आहे त्याच्यावरून ती जाईना, तर चार जणांनी फळ्या टाकून, नवरदेवाला उतरवून घ्यावं तशी ती पलीकडे उतरवून घेतली. दारं बाजूला नाही, वर उघडायची. वहिनी औक्षणाचं ताट घेऊन बाहेर आली, दारं वर गेलेली पाहिली आणि म्हणाली, "आवं माय, ही तर हात वर करून शरण आली की रे!"

अविनाश हसून हसून बेजार. मग तो म्हणाला, "वैनी, तुझ्यासाठी आणलीय. उद्या तुला ह्याच्यात बसवून मानवतला नेणार."

मानवत हे वहिनीचं माहेर. तिथं तिचा म्हातारा बाप अजून होता. लग्न होऊन आली ती टेम्पोत, वऱ्हाडाच्या भांड्यांबरोबर — हे ती नेहमी सांगायची, तक्रार म्हणून नाही, गंमत म्हणून. अविनाशनं ते लहानपणापासून ऐकलेलं. त्यानं काही बोलून दाखवलं नाही, पण मला कळलं. कुणालाही कळलं असतं.

वहिनीनं तेलात कुंकू कालवलं आणि गाडीच्या नाकावर स्वस्तिक काढलं. आपल्याकडं कुंकू अनामिकेनं लावतात. वहिनीच्या त्याच बोटात लग्नातली अंगठी होती, बारीक खड्याची. एवढं लक्षात ठेवा. मीही ठेवलं होतं — तेच तर माझं पाप.

दुसऱ्या दिवशी सकाळी अविनाशनं आधी मला चक्कर मारून आणली. त्या गाडीत बसत नाहीत. आधी एक पाय घालायचा, मग बूड, मग डोकं, आणि उरलेलं अंग देवाच्या हवाली करायचं. पाठीमागं इंजिन, पुढं नुसती सामान ठेवायची पोकळी. परभणीच्या रस्त्याला लागल्यावर त्यानं पाय दाबला, तर मागून कुणीतरी कमरेत लाथ घालावी तसा मी पुढं — नाही, पुढं नाही, मागंच चिकटलो. पोट घरी राहिलं. रस्त्याकडेची एक शेळी माझ्या डोळ्याला डोळा भिडवून बघत होती, इतके आम्ही खाली. आणि फाट्यावर उभी असलेली सगळी ओळखीची माणसं — मला बघायलेली. मोटारीचं ग्रीस नखात असलेल्या दिगूला. मी हात केला. जरा जास्तच केला. आयुष्यात तेवढा उंच मी कधी बसलेलो नाही, आणि बसलो होतो जमिनीपासून वीतभरावर.

परत येताना रस्त्याचं काम चाललेलं. काळ्या मातीनं गाडी पोटापासून काचेपर्यंत माखली. म्हणून मग धुवायची ठरली, वहिनीला न्यायच्या आधी.

धुणंसुद्धा अविनाशनं शिकवलं. गोठ्याच्या सावलीला गाडी लावली. आधी नुसतं पाणी सोडायचं, माती आपोआप सुटून खाली गेली पाहिजे, हात लावायचा नाही. मातीत बारीक खडे असतात, फडकं फिरवलं की तेच रंग ओरबाडतात. मग दोन बादल्या — एकीत साबण, एकीत साधं पाणी. केसाळ हातमोजा साबणात बुडवायचा, वरून खाली अलगद फिरवायचा, साध्या पाण्यात पिळायचा, मग पुन्हा साबणात. आमच्या बोअरचं पाणी खारं, वाळलं की पांढरे डाग धरतं, म्हणून लगेच मऊ फडकं नुसतं टेकवून टिपून घ्यायचं. लेकराला न्हाऊ घालावं तसं चाललं होतं त्याचं. मी बादल्या बदलत होतो. छत झालं, कुशी झाल्या, चाकं झाली. नाक राहिलं. तेवढ्यात पुण्याचा फोन आला. आमच्या गल्लीत फोनला आवाज नसतो, म्हणून तो गच्चीवर निघाला. जाताना म्हणाला, "पुढचं साबणानं कर, पर कुंकवाला हात लावू नकोस. ते वैनीचं हाय, ऱ्हाऊ दे."

स्पष्ट सांगितलं होतं. ऱ्हाऊ दे.

मग मी का नाही राहू दिलं? स्वस्तिक मला खटकत नव्हतं. पण तेलाचं कुंकू रात्रीतून ओघळलं होतं आणि एक लाल रेघ खाली दिव्यापर्यंत आली होती. मला वाटलं, एवढी रेघ काढू. अविनाश येईल, म्हणेल, वा दिग्या! मोजा फिरवला, निघेना. नख लावलं, निघेना. तेल, उन्हं, धूळ — पार चिकटून बसलेलं. गोठ्याच्या कडेला वहिनीची भांडी घासायची जागा. तिथं तारेची घासणी पडलेली. मी आयुष्यभर जळक्या मोटारींची बॉडी तसल्याच घासणीनं चकाचक केलेली आहे. हात आपोआप गेला.

रेघ निघाली. दोन हातांत निघाली. मग तिच्या वरचं स्वस्तिकाचं टोक फिस्कटलं, म्हणून ते सारखं करायला गेलो, मग उरलेलं वाकडं दिसायला लागलं — आणि असं करत करत सगळंच गेलं. पाणी ओतलं. पाणी ओघळलं, आणि खाली तळहाताएवढी जागा पांढुरकी, ओरखड्यांनी भरलेली, कुणीतरी मांजर बांधून ठेवल्यासारखी.

मी घासणी खिशात घातली. पँटच्या. ती मांडीला टोचत होती, आणि तशीच टोचत राहिली सगळा वेळ, मी जे बोललो ते बोलताना सुद्धा.

अविनाश खाली आला. बघितलं. ओरडला नाही. नुसतं विचारलं, "दिग्या, हे काय झालं?"

आता इथं थांबतो जरा. कारण इथपर्यंतचं मी उद्या हॉटेलात सांगू शकतो. इथून पुढचं सांगायला मला इतकी वर्षं लागली.

मी म्हणालो, "मी नुसतं कुंकू धुतलं रे, तर खालून हे निघालं." आणि मग — अगदी सहज, विचार करतोय असं तोंड करून — "वैनीच्या बोटात अंगठी व्हती का रे, काल?"

एवढंच. मी खोटं बोललो नाही, प्रश्न विचारला, असं मी स्वतःला पुढं कितीतरी दिवस सांगितलं. काय हुशारी! मोटार भरताना मला तारेचं एक टोक दुसऱ्याला जोडायला अर्धा दिवस लागतो. हे जोडायला श्वासभरसुद्धा वेळ लागला नाही.

भीतीनं बोललो का? नाही. अविनाशनं मला चार शिव्या दिल्या असत्या आणि नंतर पोट धरून हसला असता. मला तेच नको होतं. तासाभरापूर्वी फाट्यावर मी हात करून आलो होतो ना. त्या उंचीवरून मला त्याच दिवशी खाली यायचं नव्हतं. बास. ह्याच्याहून मोठं कारण मी शोधलं, सापडलं नाही.

वहिनी तेव्हाच बाहेर आली. नवं लुगडं — हिरवं, जरीच्या काठाचं, घडी मोडलेली दिसत होती. केसात फूल. हातात बापासाठी बांधलेलं धपाट्यांचं फडकं. अविनाश तिला रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. तो हळू बोलला. "वैनी, अंगठी काढून लावायचं ना गं." वहिनीनं आधी गाडीकडं बघितलं, मग स्वतःच्या हाताकडं. तो हात तिनं पदराखाली घेतला. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. मी होतो कोण त्या गोष्टीत?

मग अविनाश म्हणाला, रंगाच्या खाली गेलंय, असं फिरवलं तर वाढेल, आजच पुण्याला नेऊन दाखवावी लागेल, मानवतला पुढच्या खेपेला जाऊ. वहिनी म्हणाली, "जाऊ की. कुठं पळून चाललंय मानवत." तो गेला. ती आत गेली, लुगडं बदलून बाहेर आली, आणि धपाटी आम्हाला वाढली. मला दोन जास्त वाढली. मी खाल्ली. संध्याकाळी ती घासणी शोधत होती आणि मी समोरच्या ओट्यावर बसून, मांजरानं नेली असंल, म्हणालो. तिनं राखेनं भांडी घासली.

पुढच्या खेपेला गाडी आलीच नाही. अविनाशनं ती विकली, मोठी उंच गाडी घेतली. तो येतो, वहिनीच्या पाया पडतो, प्रेम कमी झालंय असं काही नाही. पण वहिनी आता त्याला ओवाळते, गाडीला नाही. म्हातारा बाप त्याच वर्षी गेला. मानवतला ती एसटीनं गेली, मातीला.

आणि ती अंगठी. बोट सुजलेलं, निघत नव्हती. साबण लावून, दोरा गुंडाळून तिनं ती काढली. पण नुसती अंगठी काढून थांबली असती तर मी कदाचित विसरलोही असतो, माझ्यासारख्याचा काय नेम! पुढं तिच्या स्वतःच्या घरी ट्रॅक्टर आला, तेव्हा तिनं शेजारणीला बोलावून कुंकू लावलं. भाच्यानं मोटरसायकल आणली, तेव्हा ताट घेऊन उंबऱ्यातच उभी राहिली. आमच्या गल्लीत कुणाची नवी गाडी आली की पूर्वी सगळे म्हणायचे, सुमनवहिनीचा हात लागू द्या. आता कुणी म्हणत नाही. कारण ती स्वतःच हसून सांगते, माझ्या हातानं गाडी नासती. हसून सांगते. गोष्ट म्हणून सांगते, मी माझ्या सांगतो तशी. माझी फजिती आता ती स्वतःची म्हणून सांगत फिरते, आणि मी ती ऐकायला बसतो.

हे वाचून तुम्ही मला काही म्हणावं म्हणून लिहीत नाही. वाईट वाटतं म्हणावं, तर ते वाटून मी काय केलं? काहीच नाही. वहिनीला वाचता येत नाही. गल्लीतलं कुणीतरी तिला हे वाचून दाखवेल. दाखवू द्या.

गेल्या महिन्यात मी गाडी घेतली. जुनीच, पांढरी, पण आमच्या घराला नवी. बायको म्हणाली, वैनीला बोलवा. वहिनी आली, ताटही तिनंच सजवलं होतं, आणि दारात आल्यावर कुंकवाचा करंडा तिनं माझ्या बायकोच्या हातात दिला. बायको म्हणाली, "वैनी, तुमीच लावा की." वहिनी म्हणाली, "नगं माय. नवी गाडी हाय लेकराची."

लेकराची! पन्नाशीला टेकलोय मी.

मला वाटलं, आता. आता बोलायचं. तोंड उघडलं. आणि जे बाहेर आलं ते एवढंच — "लावा वैनी, अंगठीनं काय रंग जातोय व्हय कधी?"

वहिनी माझ्याकडं बघून हसली. मोकळी हसली, लहानपणी माझं नाक पुसताना हसायची तशी.

"तू गप, दिगू," ती म्हणाली. "तुला रे काय कळतंय गाडीतलं? त्या दिवशी बी नुसता बादली धरून हुबा व्हतास."