बाई आधी स्वतः पडल्या

माने बाई गेल्या, हे मला स्केटिंगच्या मैदानावरच कळलं. वर्गमैत्रिणीचा फोन आला, ‘‘अगं, आपल्या बाई गेल्या गं…’’ महिना झाला त्याला. मी मुलींना शिकवणं अर्ध्यावर सोडून घरी आले आणि दिवसभर मला बाईंचाच राग येत राहिला. माणसानं सांगून तरी जावं!

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. सांगलीतल्या आमच्या मुलींच्या शाळेला कुणा देणगीदारानं सहा जोड स्केट्स दिले आणि मुख्याध्यापिकांनी ते पी.टी.च्या माने बाईंच्या गळ्यात मारले. बाई मूळच्या कुंडलच्या, चाळिशीच्या, बिनलग्नाच्या. खो-खोत पक्क्या, पण चाकांवर जन्मात उभ्या राहिलेल्या नव्हत्या. हे आम्हाला सांगतील तर त्या बाई कसल्या! कडेला उभ्या राहून शिट्टी फुंकायच्या, ‘‘गुडघं वाकवा! फुडं बघा!’’ आणि आम्ही धडाधड आपटायचो.

मी भारी आगाऊ. एकदा म्हणालेच, ‘‘बाई, तुम्ही घालून दाखवा ना.’’ बाई म्हणाल्या, ‘‘आज पाय दुखतोय.’’ तो पाय पुढे पंधरा दिवस दुखत होता. त्याच पंधरवड्यात बाई रोज शाळेत यायच्या त्या पिवळ्याजर्द होऊन. कोपरं पिवळी, कानाच्या पाळ्या पिवळ्या. बाईंचं लग्न ठरलं म्हणून आम्ही खिदळायचो… खरं कारण वेगळंच होतं. त्यांचा भाऊ मार्केट यार्डात हमाल होता. हळदीच्या गोदामाची फरशी गुळगुळीत. सकाळी माल यायच्या आधी बाई तिथं पोत्यांना धरून उभं राहायला शिकत होत्या.

माझे वडील तिथंच अडत दुकानात कामाला. त्यांनी हे पाहिलं आणि गावभर झालं. जिला स्वतःला उभं राहता येत नाही ती पोरींना काय शिकवणार? हातपाय मोडले तर पुढं यांची लग्नं कशी व्हायची? पालक शाळेत आले, वर्ग बंद करा म्हणाले. मला तेवढं एकच जरा जमायला लागलं होतं हो, बाकी सगळ्यात मी ढ.

बाई पदर खोचून, स्केट्स बांधून पालकांसमोर आल्या. चार पावलं गेल्या आणि धाडकन पडल्या. कुणीतरी फिसकन हसलं.

‘‘हसा की,’’ बाई जमिनीवरूनच म्हणाल्या. ‘‘मला अजून येत न्हाई, खरं हाय. पण पडले कशी बघा. कुशीवर. मुठी मिटून. मनगाट शाबूत हाय. पंधरा दिस एवढंच शिकले, न मोडता पडायचं कसं. उद्यापास्नं पोरींनाबी आधी तेच.’’ मग एक गुडघा टेकून उठल्या, पुन्हा निघाल्या आणि या खेपेला पार भिंतीपर्यंत गेल्या.

घरी जाताना वडील एवढंच म्हणाले, ‘‘जा उद्यापास्नं. खोटं बोलनारी बाई न्हवं ती.’’ दुखऱ्या पायाचं मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

बाईंनी पुढं कितीतरी वर्षं शिकवलं. वळण घेणं त्यांना शेवटपर्यंत धड जमलं नाही, आणि त्यांच्या हाताखालच्या मुली मात्र सुसाट. मी आता कराडला शिकवते. प्रत्येक नव्या तुकडीपुढं आधी मीच पडते, पालकांच्या देखत.

बाई गेल्यावर वर्गात पाऊल टाकवत नव्हतं. परवा टाकलं. नव्या मुली रांगेत, कडेला हाताची घडी घातलेले पालक. मी चार पावलं गेले आणि कुशीवर पडले. पन्नाशीची बाई पडली की लोक धावतातच. ‘‘मॅडम, लागलं का?’’ मला उठवेना. महिनाभर न आलेलं रडू तिथं, सगळ्यांसमोर आलं…

तेवढ्यात रांगेतली सगळ्यात लहान पोरगी पुढं आली. वाकून माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, ‘‘मॅडम, तुमचं झालं असंल तर आता मी पडू?’’