तळ्याकाठी मोडलेला अबोला

विलिमाइनाने लेवुका गावच्या शाळेत सव्वीस वर्षं पोरांचा स्वयंपाक केला, आईचं शेवटपर्यंत केलं, आणि लग्न करायचं राहूनच गेलं. आपलं ओवालाऊ बेट सोडून ती फार तर बोटीने सुवा शहरापर्यंत गेली असेल. चौसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसली, ती न्यूझीलंडला हॅमिल्टनमध्ये राहणाऱ्या धाकट्या बहिणीकडे जायला.

धाकटी केलेरा तिथे वृद्धाश्रमात काम करायची. तिसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली, तशी जेवणं आटोपून ती थोरलीला तळ्यावर घेऊन गेली. ऊन होतं, पण वारा बोचरा. विलिमाइनाने कमरेला गुंडाळलेल्या फुलाफुलांच्या सुलूवर केलेराच्या नवऱ्याचं जाड जाकीट चढवलं होतं.

"चार किलोमीटरची फेरी आहे, ताई. गुडघा साथ देईल ना?"

"गुडघ्याचं तू नको विचारूस. आईला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलंय याच गुडघ्यांनी."

केलेरा थांबली. "असं आडून कशाला? काय बोलायचंय ते सरळ बोल."

"बोलते की. तुझ्यासाठी चार दिवस आईची माती थांबवली होती. रोज बोटीला जाऊन उभी राहायचे मी. तू आली नाहीस. एकवीस वर्षं झाली, का ते सांगितलंही नाहीस."

केलेरा वळली आणि आल्या वाटेने तरातरा चालू लागली.

विलिमाइनाही हट्टाची. ती पुढेच निघाली. लेवुकात किनाऱ्याचा रस्ता सरळ. भांडून निघालेलं माणूस त्यावर लांबच जात राहतं. इथे तिने तसाच हिशेब धरला. काळे हंस, बाबागाड्या ढकलणाऱ्या बायका, कुत्री, सगळं मागे टाकत ती अर्धा तास चालली. मग पाणकणसांतून जाणारी लाकडी वाट आली, आणि समोरून केलेरा! तळ्याभोवतीची वाट गोल होती. वाट इतकी चिंचोळी की दोघी एकमेकींना ओलांडूनही जाऊ शकेनात.

"सरक," केलेरा म्हणाली.

"तू सरक. थोरली मी आहे."

"थोरली नाही, जाडी आहेस."

विलिमाइनाला हसू आवरलं नाही. हसता हसता गुडघ्यात कळ आली आणि ती कठड्याला टेकली. केलेरा पुढे झाली, तिने तिचा दंड धरला. जवळच्या बाकावर बसल्यावर केलेरा आपणहूनच बोलली.

"माझ्या इथे राहायच्या कागदांची मुदत संपली होती त्या वर्षी. इथे चोरून राहत होते. बाहेर पडले असते तर परत येऊ दिलं नसतं. पोरं चार नि दोन वर्षांची."

"मग फोनवर सांगायचंस!"

"कुठल्या फोनवर? दुकानातल्या? अख्ख्या लेवुकाने ऐकलं असतं."

"आणि कागद झाल्यावर?"

"तोवर तोंड दाखवायची लाज वाटायला लागली, ताई."

विलिमाइनाने गुडघा चोळला. मग म्हणाली, "घरच्या सगळ्यांसारखी तुझ्या नावाचीही चटई घातली होती आईच्या थडग्यात. चांगली, रंगीत लोकरीच्या झालरीची."

"कुणी?"

"मीच विणली होती. 'केलेराने पाठवली' म्हणून सांगितलं सगळ्यांना. बायका तुला नावं ठेवायला टपल्याच होत्या. तुला शिव्या घालायचा हक्क माझा, त्यांचा नाही."

केलेरा थोरलीच्या जाकिटात तोंड खुपसून रडली. विलिमाइना पाठ थोपटत म्हणाली, "पुरे. नवऱ्याचं जाकीट आहे, धुवावं लागेल तुलाच."

गुडघा चांगलाच सुजला होता. केलेराने एकटीने जाऊन गाडी जवळच्या रस्त्यावर आणली. घरी पोचल्यावर तिने गरम पाण्याने शेक दिला आणि थडगं कुठल्या बाजूला आहे, कुणाच्या शेजारी आहे, सगळं खोदून खोदून विचारलं.

पुढच्या नाताळात केलेरा दोन्ही मुलांना घेऊन लेवुकाच्या बोटीतून उतरली. थडग्याशी ती फार वेळ बसली नाही. ऊन फार होतं, आणि थोरलीने दुपारच्या जेवणाला अख्खी आळी बोलावली होती.